दोन इमारती आणि एक वेळापत्रक

समजा, तुमच्या शाळेला एक जादा वर्गखोली बांधायची आहे. पैसे मंजूर झाले आहेत, नकाशा तयार आहे, गवंडी ठरला आहे. १ एप्रिलला काम सुरू करायचे आणि पावसाच्या आत खोली पुरी करायची असे शाळा समितीने ठरवले आहे. हे जमेल का? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'बघू, जमवू' असे असते. पण याचे उत्तर गणिताने काढता येते आणि ते पाचवी-सहावीच्या मुलांनाही समजण्याजोगे आहे.

कामांची यादी अशी धरू:

पाया खोदणे व जोत्यापर्यंत बांधकाम: १२ दिवस
सुताराकडून दारे-खिडक्यांच्या चौकटी: १० दिवस
भिंती: १५ दिवस
सेंट्रिंग, लोखंड बांधणे व स्लॅब टाकणे: ८ दिवस
स्लॅबला पाणी मारणे व टेकू काढेपर्यंत थांबणे: १५ दिवस
गिलावा: ८ दिवस
फरशी: ६ दिवस
रंग: ४ दिवस
बाके तयार करून घेणे: २५ दिवस

सगळे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज केली तर १०३ दिवस येतात. पण ही बेरीज चुकीची आहे, कारण काही कामे एकाच वेळी चालू शकतात. पाया चालू असताना चौकटी तयार होतील आणि बाके तर केव्हाही करता येतील. मात्र पायाआधी भिंत नाही, भिंतीआधी स्लॅब नाही आणि टेकू निघाल्याशिवाय आतला गिलावा नाही. ही एकमेकांवर अवलंबून असलेली साखळी मोजली की १२ + १५ + ८ + १५ + ८ + ६ + ४ = ६८ दिवस होतात. १ एप्रिलपासून अडुसष्टावा दिवस म्हणजे ७ जून. पाऊस दारात उभा असतानाच काम संपेल.

आता गंमत पाहा. बाकांना २५ दिवस लागतात, पण ती लागणार ६८ दिवसांनी. म्हणजे त्या कामाला ४३ दिवसांची सवड आहे. बाके करणाऱ्याला कितीही तगादा लावला तरी खोली एक दिवसही आधी होणार नाही. उलट चौकटींचे काम दिसायला किरकोळ, पण त्याला फक्त २ दिवसांची सवड आहे, कारण भिंत उचलताना चौकटी हाताशी लागतात. सुताराने १० ऐवजी १५ दिवस लावले तर भिंती ३ दिवस उशिरा सुरू होतील आणि सगळी खोलीच ३ दिवस पुढे जाईल. गिलाव्याला जास्त माणसे लावून ८ चे ५ दिवस करता येतील. स्लॅबच्या १५ दिवसांचे मात्र माणसे वाढवून ७ दिवस करता येत नाहीत. काँक्रीट आपल्या वेळेनेच घट्ट होते.

या सर्वांत लांब साखळीला बांधकामशास्त्रात 'निर्णायक मार्ग' म्हणतात. कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे हे ओळखणे, हा प्रकल्प-व्यवस्थापनाचा गाभा आहे. आता वर्गखोलीवरून दोन जगप्रसिद्ध इमारतींकडे जाऊ. एक न्यूयॉर्कची, दुसरी सिडनीची. एक ठरल्या दिवशी पुरी झाली, दुसरी ठरल्या तारखेनंतर दहा वर्षांनी. दोन्हींच्या इतिहासात हेच वर्गखोलीचे गणित दडलेले आहे.

मुख्य गवंड्यापासून वास्तुविशारदापर्यंत

फार पूर्वी हे गणित करणारा माणूस आणि इमारत कल्पिणारा माणूस एकच असे. इटलीतल्या फ्लोरेन्स शहराच्या प्रमुख चर्चवरचा प्रचंड घुमट १४२० ते १४३६ या काळात फिलिप्पो ब्रुनेलेस्की याच्या देखरेखीखाली बांधला गेला. त्याला ४० लाखांहून अधिक विटा लागल्या. घुमटाचा आकार, विटा रचण्याची पद्धत आणि ओझी वर चढवणारी बैलांची यंत्रे, हे सगळे एकाच डोक्यातून आले. सोळाव्या शतकातला चरित्रकार वासारी सांगतो, की जेवायला खाली उतरून चढण्यात कामगारांचा वेळ जाऊ नये म्हणून ब्रुनेलेस्कीने वरच, घुमटातच, खाण्यापिण्याची दुकाने मांडली होती. हेही घुमटाच्या रचनेइतकेच विचारपूर्वक केलेले काम होते.

पुढे इमारती गुंतागुंतीच्या झाल्या आणि कामांची वाटणी झाली. एकोणिसाव्या शतकापर्यंत वास्तुविशारद, अभियंता आणि कंत्राटदार असे तीन निराळे व्यवसाय उभे राहिले. वास्तुविशारद कार्यालयात बसून रेखाचित्रे काढू लागला. ती पुरी झाली की कंत्राटदार किंमत सांगे आणि बांधायला घेई. यात प्रत्येकाचे कौशल्य वाढले, पण 'केव्हा' हा प्रश्न 'काय' आणि 'कसे' यांच्यापासून तुटला. नकाशा एकाकडे आणि वेळापत्रक दुसऱ्याकडे गेले.

चारशे दहा दिवस

न्यूयॉर्कमधल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची घोषणा ऑगस्ट १९२९ मध्ये झाली. पैसा उभा करणारे जॉन रॅस्कॉब हे उद्योगपती आणि प्रकल्पाचे प्रमुख न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अल् स्मिथ होते. वास्तुविशारद होते श्रीव्ह, लॅम्ब आणि हार्मन, तर बांधणारी कंपनी स्टॅरेट ब्रदर्स अँड ईकेन.

आराखडा करणारे विल्यम लॅम्ब यांना मालकांनी घातलेल्या अटी मोजक्या होत्या. खर्चाची रक्कम ठरलेली, खिडकीपासून आतल्या वाटेपर्यंतचे अंतर २८ फुटांपेक्षा जास्त नको, अशा जागेचे जमतील तितके मजले, बाहेरून चुनखडीचा दगड आणि १ मे १९३१ रोजी इमारत तयार. हीच तारीख का? कारण त्या काळी न्यूयॉर्कमध्ये कार्यालयांचे भाडेकरार १ मेपासून सुरू होण्याची पद्धत होती. तो दिवस चुकला तर वर्षभराचे भाडे हुकण्याची भीती. पहिल्या कच्च्या चित्रापासून हातात दीड वर्ष होते.

म्हणजे लॅम्ब यांच्यासमोर जागा, पैसा आणि दगड यांच्याबरोबरच वेळ ही सुद्धा इमारतीची एक सामग्री म्हणून मांडली गेली होती. त्यांनी तिचा तसाच वापर केला. याचे उत्तम उदाहरण म्हणजे खिडक्या. इमारतीला सुमारे साडेसहा हजार खिडक्या आहेत. दगडी इमारतीत खिडकीभोवतीचा दगड नीट घडवून, कडा जुळवून बसवावा लागतो आणि त्यात कुशल पाथरवटांचा फार वेळ जातो. लॅम्ब यांनी खिडक्या भिंतीच्या बाहेरच्या पातळीला आणल्या, वरच्या आणि खालच्या खिडकीमधल्या पट्टीत ॲल्युमिनियमचे तयार पत्रे बसवले आणि दगडाची कडा चकचकीत पोलादी पट्टीने झाकली. कडा झाकली जाणार म्हटल्यावर दगड तंतोतंत घडवण्याची गरज उरली नाही. खिडकी, पत्रा, पट्टी आणि दगड हे चारही भाग निरनिराळ्या ठिकाणी तयार होऊन आले आणि इमारतीच्या आतूनच बसवले गेले. बाहेरून उंच पराती बांधण्याचे कामच वाचले. आज ही इमारत पाहताना तळापासून वर जाणाऱ्या ज्या चमकदार उभ्या रेघा नजरेत भरतात, त्या वेळ वाचवण्याच्या विचारातून आलेल्या आहेत.

बांधणाऱ्यांचे डोकेही तितकेच तल्लख होते. पॉल स्टॅरेट यांनी आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. काम मागायला गेले असता त्यांना विचारले गेले, की तुमच्याकडे या कामाजोगी सामग्री किती आहे? इतर कंत्राटदारांनी आपल्याकडच्या यंत्रांच्या फुशारक्या मारल्या होत्या. स्टॅरेट म्हणाले, की आमच्याकडे कुदळ-फावडेसुद्धा नाही. असल्या कामाला नेहमीची सामग्री उपयोगाची नाही, हवी ती नवी करून घेऊ आणि काम संपल्यावर विकून पैसे तुमच्या खात्यात जमा करू. काम त्यांनाच मिळाले.

१७ मार्च १९३० रोजी बांधकामाला सुरुवात झाली आणि १ मे १९३१ रोजी इमारतीचे उद्घाटन झाले. मध्ये ४१० दिवस. १०२ मजले, १२५० फूट उंची, सुमारे ५७,००० टन पोलाद आणि १ कोटी विटा. आठवड्याला सरासरी साडेचार मजल्यांचा सांगाडा चढत होता. ऐन भरात जागेवर सुमारे साडेतीन हजार माणसे काम करत होती.

शहराच्या मध्यावर, गजबजलेल्या रस्त्यावर, सामान साठवायला जागाच नव्हती. म्हणून पिट्सबर्गच्या कारखान्यांतून येणाऱ्या प्रत्येक पोलादी तुळईवर तिचा मजला, तिची जागा आणि तिला उचलणाऱ्या यारीचा क्रमांक लिहिलेला असे. ती ठरलेल्या वेळी येई आणि रस्त्यावर न टेकता वर जाई. विटांचे ट्रक तळघरातल्या घसरगुंडीत माल ओतत. तिथून विटा गाड्यांत भरून वर जात आणि प्रत्येक मजल्यावर घातलेल्या अरुंद रुळांवरून त्या गाड्या थेट गवंड्यापाशी पोचत. आणि हो, ब्रुनेलेस्कीप्रमाणे इथेही जेवणाची सोय वरच्या मजल्यांवर केली होती. पाचशे वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा आला आणि उत्तरही तेच निघाले.

रेखाचित्रालाही तारीख

या सगळ्यात आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट एका तक्त्यात आहे. पोलादाच्या कामाचा हा तक्ता वास्तुविशारदांनी त्याच काळात प्रसिद्ध केला होता. त्यात मजल्यांच्या प्रत्येक टप्प्यासाठी तारखांची मालिकाच दिली आहे: मालकांकडून माहिती केव्हा हवी, वास्तुविशारदांची रेखाचित्रे केव्हा हवीत, कारखान्याला मागणी केव्हा जायला हवी, पोलाद केव्हा यायला हवे आणि केव्हा उभे राहायला हवे. म्हणजे यारीवाल्याला जशी तारीख होती, तशी रेखाचित्र काढणाऱ्यालाही होती, आणि निर्णय घेणाऱ्या मालकालाही होती. वेळापत्रक जागेवरच्या कामापासून सुरू होत नव्हते. ते विचारापासून सुरू होत होते. मालक, वास्तुविशारद, अभियंते आणि बांधणारे आराखड्याच्या पहिल्या अवस्थेपासून एकत्र बसत होते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. सगळी रेखाचित्रे पुरी झाल्यावर मग पाया खणला, असे न्यूयॉर्कमध्ये घडले नाही. तसे केले असते तर १ मे कधीच गाठता आला नसता. वरच्या मजल्यांचे बारकावे ठरत असतानाच खाली खोदकाम चालू होते. पण पायाला जे माहीत असावे लागते, म्हणजे वर किती भार येणार आणि कुठे येणार, ते ठरलेले होते. कोणत्या खांबावर कोणती तुळई येणार, हे आधी पक्के झाले. दरवाजाची मूठ कोणती बसवायची, हे मागाहून ठरले तरी चालणार होते.

या यशाला दुसरी बाजूही आहे. खर्च अंदाजापेक्षा पुष्कळ कमी झाला, इमारतीपुरता सुमारे २ कोटी ४७ लाख डॉलर. पण त्यात नियोजनाबरोबर महामंदीचाही वाटा मोठा होता. मजुरी आणि मालाच्या किमती कोसळल्या होत्या आणि काम मिळावे म्हणून माणसे रांगा लावत होती. अधिकृत नोंदीप्रमाणे बांधकामात पाच कामगारांचा मृत्यू झाला. लुईस हाइन या छायाचित्रकाराने तुळयांवर बसलेल्या या कामगारांची चित्रे काढून ठेवली नसती तर वेळापत्रकामागचे चेहरे आपल्याला दिसलेच नसते.

आणि ठरल्या दिवशी पुरी झालेली ही इमारत पुढे कित्येक वर्षे बरीचशी रिकामी होती. मंदीत कार्यालये भाड्याने घेणार कोण? 'एम्पायर' ऐवजी 'एम्प्टी', म्हणजे रिकामी, अशी तिची थट्टा होई. ती फायद्यात यायला १९५० साल उजाडावे लागले. म्हणजे वेळापत्रक 'कसे' आणि 'केव्हा' यांची उत्तरे देते, 'कशासाठी' हा प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे.

सिडनीचा घाईचा मुहूर्त

आता ऑस्ट्रेलियाकडे वळू. सिडनीच्या बंदरात संगीत आणि नाटकासाठी एक भव्य वास्तू उभारावी म्हणून न्यू साउथ वेल्स राज्याने जागतिक स्पर्धा घेतली. २३३ प्रवेशिका आल्या. २९ जानेवारी १९५७ रोजी निकाल लागला आणि यॉर्न उत्झॉन या ३८ वर्षांच्या डेन्मार्कच्या वास्तुविशारदाची निवड झाली. त्यांनी पाण्याच्या कडेला एक प्रशस्त चौथरा आणि त्यावर शिडांसारखी फुगलेली पांढरी छपरे काढली होती. चित्र मोहक होते, पण ती छपरे उभी कशी राहणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वक्रांना कोणतेही भूमितीय सूत्र नव्हते. खर्चाचा अंदाज ३५ लाख पौंड, म्हणजे १९६६ मध्ये आलेल्या नव्या चलनात ७० लाख डॉलर, आणि पूर्ततेची तारीख जानेवारी १९६३ अशी धरली गेली. पैसा मुख्यतः सरकारी लॉटरीतून यायचा होता.

राज्याचे मुख्यमंत्री जोसेफ काहिल हे या वास्तूचे खंदे पुरस्कर्ते होते. निवडणूक तोंडावर आली होती. सरकार बदलले किंवा लोकमत फिरले तर योजना बारगळेल अशी त्यांना धास्ती होती. त्यांनी काम सुरू करण्याचा आग्रह धरला. रेखाचित्रे तयार नाहीत, छपराचा प्रश्न सुटलेला नाही, असे असूनही मार्च १९५९ मध्ये चौथऱ्याचे काम सुरू झाले. काहिल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले. राजकारणी म्हणून त्यांचा हिशोब चुकला असे म्हणता येणार नाही, कारण काम सुरू झाले नसते तर कदाचित ही वास्तू झालीच नसती. पण बांधकामाच्या दृष्टीने कळस ठरण्याआधीच पाया घातला गेला होता.

परिणाम लवकरच दिसले. जानेवारी १९६१ मध्ये काम ४७ आठवडे मागे पडले होते. पावसाने खोळंबा केला, जमिनीतले पाणी वळवणे अवघड गेले, त्यात रेखाचित्रांची वाट पाहावी लागे आणि करारातल्या गोष्टी बदलत होत्या. चौथरा १९६३ मध्ये, म्हणजे सगळी वास्तू तयार व्हायची त्या वर्षी, पुरा झाला. तोवर छपराचा आराखडा बदलून अधिक जड झाला होता. आधी बांधलेले खांब तो भार पेलण्याइतके भक्कम नव्हते, म्हणून ते पुन्हा बांधावे लागले.

न्यूयॉर्क आणि सिडनी यांतला फरक इथे लख्ख दिसतो. दोन्हीकडे आराखडा अपुरा असताना काम सुरू झाले. पण पाया ज्यावर अवलंबून होता, तो वरचा भार न्यूयॉर्कमध्ये ठरलेला होता आणि सिडनीत तोच ठरायचा होता.

गोलाचे उत्तर

छपराच्या प्रश्नावर उत्झॉन आणि ओव्ह अरुप यांच्या कंपनीतले अभियंते यांनी काही वर्षे झुंज दिली. पॅराबोला झाला, लंबवर्तुळ झाले, निदान डझनभर रचना करून पाहिल्या. गणितासाठी त्या काळी नव्यानेच आलेल्या संगणकांची मदत घेतली गेली. १९६१ च्या सुमारास उत्तर सापडले आणि ते शाळेतल्या भूमितीइतके सोपे होते. सगळी शिडे सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापलेली मानायची. मोसंबीच्या सालीचे लहानमोठे त्रिकोणी तुकडे कापावेत तसे.

यातले सौंदर्य आकारात आहेच, पण त्याहून जास्त ते बांधण्यात आहे. गोलाची वक्रता सगळीकडे सारखी असते. त्यामुळे लहानमोठ्या सगळ्या कमानींचे तुकडे मोजक्याच साच्यांत ओतता येतात. २,१९४ काँक्रीटचे तुकडे जागेवरच ओतून वर चढवले गेले. त्यांना आधार द्यायला पराती नव्हत्या, तर लांबी बदलता येणारी, सरकती पोलादी कमान होती. दहा लाखांहून अधिक पांढऱ्या व दुधी फरशा एकेक करून वर चिकटवल्या असत्या तर किती काळ गेला असता? त्या जमिनीवरच साच्यात पालथ्या मांडून, मागे काँक्रीट ओतून त्यांचे चार हजारांहून अधिक तयार पाट केले आणि मग छपरावर बसवले. लॅम्ब यांच्या खिडक्यांमागचा विचार इथेही दिसतो. म्हणजे उत्झॉन यांना बांधकामाची प्रक्रिया कळत नव्हती, हे खरे नव्हे. त्यांचे उत्तर न्यूयॉर्कच्या तोडीचे होते. ते फक्त काम सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी आले.

उत्झॉन यांचे जाणे

१९६५ मध्ये राज्यात सत्तापालट झाला. नव्या सरकारात सार्वजनिक बांधकाम खात्याचे मंत्री डेव्हिस ह्यूज यांनी खर्चाचा आणि तारखांचा जाब विचारायला सुरुवात केली. आतल्या सभागृहांची पुरी रेखाचित्रे आणि किमती आधी दाखवा, मग पैसे, अशी त्यांची भूमिका होती. करदात्यांच्या बाजूने पाहिले तर ती गैर नव्हती. उत्झॉन यांची रीत निराळी होती. कारखानदाराबरोबर बसून प्रत्यक्ष आकाराचे नमुने करायचे, ते तपासायचे आणि त्यातून रचना पक्की करायची. असल्या अभूतपूर्व कामात तीही गैर नव्हती. पण नमुन्यांना किती दिवस द्यायचे, निर्णय कोणी आणि केव्हा घ्यायचा, हे ठरवणारा दोघांना मान्य असा तक्ताच नव्हता. मानधनाची देयके अडवली गेली. २८ फेब्रुवारी १९६६ रोजी उत्झॉन यांनी काम सोडले आणि काही आठवड्यांत ते ऑस्ट्रेलियाहून निघून गेले. त्यांना परत बोलवा म्हणून सिडनीत मोर्चा निघाला. सरकार बधले नाही.

पुढचे काम पीटर हॉल यांच्यासह तीन ऑस्ट्रेलियन वास्तुविशारदांकडे आले. आता मूळ गरजच बदलण्यात आली. मोठे सभागृह ऑपेरा आणि वाद्यवृंद या दोन्हींसाठी होते, ते फक्त वाद्यवृंदासाठी ठेवायचे ठरले. बसवलेली रंगमंचाची यंत्रे काढून टाकावी लागली. ऑपेरा लहान सभागृहात गेला आणि तिथे वादकांच्या जागेची कायमची अडचण होऊन बसली. २० ऑक्टोबर १९७३ रोजी इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या हस्ते उद्घाटन झाले. खर्च १० कोटी २० लाख डॉलर, म्हणजे मूळ अंदाजाच्या चौदा पटींहून अधिक.

उत्झॉन यांनी पुरी झालेली वास्तू डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. १९९९ मध्ये समेट झाला आणि वास्तूतल्या पुढच्या बदलांसाठी त्यांनी मार्गदर्शक तत्त्वे लिहून दिली. २००३ मध्ये त्यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला, २००७ मध्ये त्यांची वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आली आणि २००८ मध्ये ते वारले. मोठ्या सभागृहातल्या ध्वनीच्या तक्रारींवर उपाय करण्याचे मोठे काम २०२२ मध्ये, म्हणजे उद्घाटनानंतर ४९ वर्षांनी, पुरे झाले.

मार्गाचे गणित

कामांचे आडवे पट्टे काढून वेळ दाखवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्यामुळे लोकप्रिय झाली. आपल्या शाळेच्या वार्षिक नियोजनाचे तक्ते त्याच जातीचे असतात. या पट्ट्यांतून कोणते काम केव्हा चालू आहे ते दिसते, पण कोणते काम कोणामुळे अडले आहे ते सहज दिसत नाही. ही उणीव भरून काढणारी रीत १९५७ साली, म्हणजे उत्झॉन यांची निवड झाली त्याच वर्षी, अमेरिकेत आकाराला येऊ लागली. ड्यू पाँट या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँड कंपनीतले जेम्स केली यांनी कामे आणि त्यांचे अवलंबन बाणांच्या जाळ्याने मांडले आणि सर्वांत लांब वाट संगणकाकडून शोधून घेतली. हाच निर्णायक मार्ग. पुढल्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी 'पर्ट' ही जवळची पद्धत विकसित केली. तिच्यात प्रत्येक कामाला एकच कालावधी न धरता लवकरात लवकर, बहुधा आणि उशिरात उशिरा असे तीन अंदाज घेतात. जे काम पूर्वी कोणी केलेलेच नाही, त्याला किती दिवस लागतील हे कोण सांगणार? निदान अनिश्चितता किती आहे, ते तरी आकड्यात दिसावे.

सिडनीच्या छपराला नेमकी हीच दृष्टी हवी होती. शोधाला वेळ लागतो, हे लपवण्यासारखे नाही. त्याला तीन अंदाज द्यावेत आणि तो शोध ज्या खांबांना अडवतो, त्यांना तोवर हात लावू नये, इतकेच.

वास्तुविशारदाचे काम कुठे संपते?

पुष्कळ वास्तुविशारदांना व्यवस्थापन म्हणजे कारकुनी वाटते आणि पुष्कळ व्यवस्थापकांना रचना म्हणजे लहर वाटते. या दोन इमारती दोघांनाही उत्तर देतात. एम्पायर स्टेटच्या चमकत्या रेघा वेळेच्या बंधनातून जन्मल्या आणि सिडनीची शिडे प्रत्यक्ष उभी राहिली ती 'हे बांधायचे कसे' या प्रश्नामुळे. वेळेचा विचार रचनेत शिरला, तिथे रचनाही चांगली झाली आणि कामही सुटले. जिथे तो बाहेर राहिला, तिथे नंतर वेळेचाच हिशोब पुढे करून रचनाकाराला बाहेर काढले गेले. म्हणून वेळापत्रक हे वास्तुविशारदाचे बंधन असते तसेच त्याचे संरक्षणही असते. 'छप्पर सुटेपर्यंत खांब बांधू नका' हे सांगण्याचा अधिकार त्याला तक्त्यामुळे मिळतो. तक्ता नसेल तर ते रडगाणे ठरते.

आज संगणकावर इमारतीचे त्रिमित प्रतिरूप करतात आणि प्रत्येक भिंत केव्हा उभी राहणार हेही त्यालाच जोडतात. पडद्यावर इमारत दिवसागणिक वाढताना पाहता येते. साधन बदलले, तरी कशावर काय अवलंबून आहे हे आधी माणसालाच ठरवावे लागते.

वर्गात करून पाहण्यासारखे

आठवी-नववीच्या मुलांना स्नेहसंमेलनाची कामे लिहायला सांगा: नाटकाची निवड, पात्रे ठरवणे, तालमी, पोशाख, मंडप, निमंत्रणपत्रिका छापून घेणे, पाहुण्यांची संमती. प्रत्येक कामाची चिठ्ठी करून त्यावर दिवस लिहा. मग एकेका चिठ्ठीला 'तू कोणावाचून अडतेस?' असे विचारून फळ्यावर बाण काढा. पाहुण्यांची संमती आल्याशिवाय पत्रिका छापता येत नाही आणि नाटक ठरल्याशिवाय पोशाख ठरत नाहीत, हे मुले चटकन सांगतील. सर्वांत लांब वाट रंगीत खडूने काढा आणि संमेलनाच्या तारखेपासून उलटे मोजत या. नाटक कोणत्या तारखेपर्यंत निवडले गेले पाहिजे, याचे उत्तर निघेल. ती तारीख बहुधा मुलांच्या अपेक्षेपेक्षा बरीच अलीकडची निघते आणि काही शाळांत ती होऊन गेलेली असते.